चढावरची दुधाची गाडी

२१ नोव्हेंबर
आज पुन्हा! दुधाची गाडी आमच्या चढाच्या मध्यापर्यंत आली आणि घसरत मागे गेली. माझा ट्रॅक्टर पुढे लावला ओढायला, तर त्याचीही चाकं बर्फावर जागच्या जागी गरगरली. ड्रायव्हर पासी म्हणाला, "इल्मारी, अजून एकदा असं झालं तर डेअरी इथलं दूध बंद करणार बघ." म्हणजे गायी विकायच्या. सिल्वीच्या गायी! लग्न होऊन आली तेव्हापासून ती सांभाळतेय. मी असेपर्यंत ते शक्य नाही.

२३ नोव्हेंबर
ठरलं. ट्रॅक्टरच्या टायरला खिळे बसवायचे, बर्फात रुतणारे.

२६ नोव्हेंबर
कंबरेचे तुकडे पडले. टायरवर रबराच्या जाड पट्ट्या असतात ना, त्यांच्यावर आधी आडव्या चिरा पाडल्या – रबर मोकळं होतं, बर्फ धरतं. मग ड्रिलने एकेक खिळा आत फिरवायचा, टोक जरासं बाहेर ठेवायचं. शेजारचा रेइनो टपकलाच, कॉफीच्या निमित्ताने. "टायर केलास की किसणी? बटाटे किसणार काय यावर?" हस लेका, हस!

२७ नोव्हेंबर
एक खिळा लांब निघाला. थेट ट्यूबमध्ये – फुस्स! संध्याकाळ ठिगळात गेली. सिल्वी दारातून म्हणाली, "राहू दे ना आता." राहू दे काय? म्हटलं, "अगं, तुझ्याचसाठी चाललंय हे!" ती आत गेली.

५ डिसेंबर
झाले एकदाचे. चढावर ट्रॅक्टर रिकामा फिरवून आलो. करकर करकर करत सरळ वर! काय तो आवाज!

११ डिसेंबर
आजचा दिवस माझा! रात्री पाऊस पडून वर गोठला होता, चढ नुसती काच. पासी खालूनच ओरडला, "मी नाही बाबा येत!" मी म्हटलं, "तू फक्त स्टिअरिंग धर." दोर बांधला, हळूच पहिला गिअर टाकला. चाक एकदाही फिरलं नाही फुकट. अख्खी गाडी गोठ्याच्या दारात आणून उभी केली! पासी म्हणाला, "डेअरीला सांगतो, इथली काळजी सोडा." आणि रेइनो? टोपी खाजवत म्हणतो, "माझ्याही टायरचं बघशील का रे?" बघतो म्हटलं, सवड मिळाली की! रात्री सौनाच्या वाफेत अंग शेकत बसलो तरी हसूच येत होतं. सिल्वी तेवढी बघायला बाहेर आली नाही.

१२ डिसेंबर
सकाळी सिल्वीला म्हटलं, "वाचल्या बघ तुझ्या गायी." ती धारा काढून दुखणारे हात चोळत बसली होती. म्हणाली, "माझ्या कधी होत्या रे? तुझ्या आईने आल्या दिवशी हातात बादली दिली. मला वाटलं होतं, यंदा गाडी नाही चढली की सुटेन. तुला ‘नकोत मला’ असं सांगावं लागणार नाही."