तुझ्या वहीतलं व्हिएन्ना

प्रिय हेमा,

मंगळवारी माझं विमान आहे. मुंबईहून व्हिएन्ना, मध्ये एकदा बदलायचं. बॅग पलंगावर उघडी पडली आहे आणि मी तिच्याकडे पाठ करून तुला लिहितोय. तू म्हणशील, हा माणूस सामान भरायचं टाळतोय. टाळतोयच. पण त्याहून मोठं एक टाळत आलोय, आणि ते आता टळणार नाही म्हणून हे पत्र.

काल व्हिएन्नाहून अश्विनीचा फोन आला होता. मी सहज म्हणालो, आईची प्रवासाची वही सोबत आणतो, बघ तिनं काय काय लिहून ठेवलंय.  पोरगी म्हणाली, "नको बाबा. जगातलं सगळं आईनं लिहून ठेवलं, आणि मला एवढी एक गोष्ट सांगितली नाही." मी काय बोललो असेन? आवाज तुटतोय म्हणालो आणि फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

हेमा, आपल्या लेकीला वाटतं की तू तुझा आजार तिच्यापासून लपवलास. दहा महिने तिला तसं वाटतंय आणि दहा महिने मी ते वाटू देतोय. मेलेल्या बायकोच्या आड लपून बसलोय मी!

वही समोरच आहे. दोनशे पानी, तपकिरी पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर श्री, त्याखाली 'थंडीतली सहल', आणि त्याच्या खाली एकदम 'मोजे'. किती हसलो होतो मी! तुझ्यासाठी युरोप मोज्यांपासून सुरू होत होता आणि माझ्यासाठी पाचवीच्या पुस्तकातल्या एका चित्रापासून. बर्फाखाली दबलेली कौलं, एक पिवळी खिडकी, शेजारी कविता. गुरुजी मला उभं करून ती म्हणायला लावायचे. साताऱ्याकडच्या आमच्या गावात बर्फ म्हणजे जत्रेतल्या गोळेवाल्याचा, तरी मी डोळे मिटून म्हणायचो. पुढे बोईसरला कारखान्यात स्टोअरकीपर झालो, आयुष्यभर नट-बोल्ट मोजले, पण ती खिडकी काही विझली नाही. तू एकदा ऐकवलंस, "कवितेत बर्फ पडतो हो. पाणी कुणाच्या बुटात शिरतं, ते कवी सांगत नाही."

आणि बर्फाच्या कारखान्यातली ती दुपार! कल्पना तुझीच. समुद्रकाठच्या शिरगावची मुलगी ना तू, थंडी कशी असते हे बघायचं तर कुठे जायचं, हे तुलाच सुचणार. तुझा भाऊ दामू सातपाटीला बोटींसाठी बर्फ करतात तिथे कामाला. मे महिन्याच्या उन्हात तू तीन स्वेटर, शाल आणि कानटोपी चढवून त्या बर्फाच्या खोलीत शिरलीस, मागून मी, कारखान्याच्या जुन्या बुटांत दोन-दोन मोजे कोंबून. दामूनं दार लोटलं आणि बाहेरून म्हणाला, "आक्का, पापलेटला पण इतका गुंडाळत नाय आमी." तोंडातून वाफ निघाली तशी मला ती कविता आठवली. मी म्हणायला लागलो, तू घड्याळ बघत उभी. दहाव्या मिनिटाला माझी पायांची बोटं बधिर. बाहेर येऊन मासे पकडायच्या जाळ्यांच्या ढिगाऱ्यावर बसून तू वहीत लिहून काढलंस:

जाड स्वेटर तीन घालू नयेत, हात हलत नाहीत. एक आतला, अंगाला चिकटून बसणारा. एक लोकरीचा. वरचा वारा आणि पाणी अडवणारा. तिकडे दुकानात, ट्राममध्ये ऊब असते, तेव्हा एकेक काढता आला पाहिजे. बूट एक नंबर मोठा घ्यावा. घट्ट बुटात दोन मोज्यांनी पाय जास्त गारठतो (ह्यांचा अनुभव). तळव्याला खाचा हव्यात.

संध्याकाळी अश्विनीला सांगितलं तर ती व्हिडिओवर पोट धरून हसली. आम्ही दोघं काय करून बसलो होतो! जिथे ट्राममध्ये सुद्धा हीटर असतो अशा गावाची तयारी बोंबलांसाठी केलेल्या बर्फात.

पण त्यानंतर तू तिच्याकडून एकेक गोष्ट काढून घ्यायला लागलीस. डिसेंबरात तिकडे चार वाजताच दिवस मावळतो, म्हणून बघायचं ते सकाळी. अंधार पडला की संग्रहालयात नाहीतर कॉफीच्या दुकानात शिरायचं. एका कॉफीवर दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही. ट्रामचं तिकीट नुसतं काढून भागत नाही, यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायचा, नाहीतर तपासनीस ऐकत नाही. रविवारी दुकानं बंद. नाताळचे दोन दिवस बंद, आणि चोवीस तारखेला दुपारनंतरही. दूध, पाव, भाजी आधी भरून ठेवायची. नळाचं पाणी चांगलं असतं, बाटल्यांवर खर्च नको. फोन थंडीत लवकर मान टाकतो, आतल्या खिशात ठेवावा. गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत, "मोठी बॅग मागे राहिली तर ब्लडप्रेशर थांबत नाही." पेढे नकोत, दुधाचं काढून घेतात. सुकट चालते असं कळलं, पण त्यापुढे तू प्रश्नचिन्ह काढलंयस: अश्विनीच्या शेजाऱ्यांचं काय?

मग का गेलो नाही आपण? विचार ना! पहिल्या वर्षी मी म्हणालो गुडघा दुखतोय. दुसऱ्या वर्षी घराचं रंगकाम काढलं. तू वही मिटून ठेवायचीस आणि पुन्हा उघडायचीस. मला दूरची खिडकी दूरच हवी होती बहुतेक.

आता तेच लिहितो, ज्यासाठी बसलोय.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मुंबईच्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत घेतलं. होळीपर्यंतचंही सांगता येत नाही, म्हणाले. बाहेर बाकावर तू पर्स मांडीवर घेऊन बसली होतीस. मी येऊन सांगितलं, यकृताला थोडी सूज आहे, उन्हाळ्यापर्यंत बरं वाटेल. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "अश्विनीला बोलावून घ्या हो." मी म्हणालो, कशाला? डिसेंबर हुकला तर पुढच्या डिसेंबरात आपणच जाऊ.

संक्रांतीला तू पुन्हा म्हणालीस. त्या वेळी फोन तुझ्या हातात होता आणि मी तो काढून घेतला. नवी नोकरी आहे तिची, उगाच घाबरेल, असं काहीतरी पुटपुटलो. तुझ्या हातात जोर किती राहिला होता? चहाचा कप उचलायला दोन हात लागायचे तुला. तसल्या हातातून मी फोन घेतला, हेमा.

का केलं मी असं? नोकरीबिकरी सगळं खोटं. ती विमानातून उतरली असती, तुझ्या उशाशी बसली असती, तर तुझं जाणं खरं झालं असतं. ती येत नव्हती तोवर डॉक्टर चुकलेले असू शकत होते. एवढंच कारण. ह्या कारणापायी एका मुलीला तिची आई शेवटची बघता आली नाही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी ती पोचली. बाहेरच्या खोलीत माणसं बसलेली. तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "आईनं मला का नाही सांगितलं?" मी मान खाली घातली. तिनं त्याचा अर्थ तिला सुचला तसा लावला, आणि मी मान वर केली नाही. तुझा फोटोही तिनं तिकडे नेला नाही.

आज सकाळी दामू आला होता, सुकटीची पिशवी घेऊन. बॅगेतले कपडे बघून म्हणाला, भावजी, ह्या बॅगेत अर्धा तालुका जाईल. मग दारापाशी थांबला. "आक्कानं मला सांगलेला, पोरीला बोलवायचा होता म्हणून. मी गप बसलो ते तिच्याकडं बघून. आता तिच्याच नावावर खोटा चाललाय. तुमी सांगताव का मी सांगू?" मी म्हटलं, मी सांगतो. तो गेला, आणि माझे पाय त्या बर्फाच्या खोलीतल्यासारखे झाले.

फोनवर लिहून पाठवायचाही प्रयत्न केला. चार ओळींत दोन उपमा आल्या! सावली, वादळ, काय काय. स्वतःचीच शिसारी आली. पुसून टाकलं.

आणि तुझी ती शेवटची पानं. मागच्या महिन्यात पहिल्यांदा वाचली. अक्षर पार उतरणीला लागलेलं. 'बॅग एकच न्यावी, चाकांची. एकट्या माणसाला दोन ओढवत नाहीत.' 'बर्फावर लहान पावलं टाकावीत. हात खिशात घालू नयेत, तोल गेला तर मोकळे हवेत.' 'चालताना कविता म्हणू नये.' म्हणजे तुला ठाऊक होतं? मी बाकावर तुझ्याशी खोटं बोललो तेव्हाच? आणि तरी तू माझ्याशी भांडली नाहीस! का नाही भांडलीस? एकदा ओरडायचं होतंस, दामूच्या फोनवरून तिला बोलवायचं होतंस. माझ्या भित्रेपणाला सांभाळत बसलीस आणि वर माझ्या पडण्याचीही काळजी केलीस.

मला भीती वाटते, हेमा. ती रागावेल ह्याची नाही. ऐकून ती काहीच बोलणार नाही, मला जेवायला वाढेल, शहर दाखवेल आणि आठ दिवसांनी विमानात बसवून देईल, आणि मग फोन येणार नाही, ह्याची. तिच्याशिवाय माझं आहे कोण? बोईसरच्या ह्या दोन खोल्यांत मी कुणाची वाट बघू?

तरी सांगणार. तुला वचन देतो, तिच्या घरी पोचल्यावर नाही, जेवणानंतर नाही, नाताळ उरकल्यावर तर नाहीच. विमानतळावर ती समोर येईल, माझ्यासाठी कोट धरेल, प्रवास कसा झाला विचारेल. तिथेच, बॅग खाली ठेवून. एकही उपमा न वापरता, तिच्याकडे बघून: अश्विनी, आईनं तुला दोनदा बोलवायला सांगितलं होतं. मी बोलावलं नाही.

मग ती घरी नेवो, नाहीतर तिथूनच परत पाठवो. तिची आई तिला परत मिळेल.

तुझा अपराधी,
अनंत