सोळा खाटांचे विद्यापीठ

१७ ऑक्टोबर १९५६, बुधवार. चाकण.
पुण्याच्या एका साप्ताहिकात आमच्या आरोग्य विद्यापीठाचा वृत्तांत आला आहे. तो चूक आहे. माझ्यापुरता येथे दुरुस्त करून ठेवतो.
'कांद्याच्या वखारीत भरणारे' असे लिहिले आहे. वखार भूतपूर्व आहे. कांदा मे महिन्यातच हलवला. वास तेवढा राहिला. 'चार विद्यार्थी' नव्हेत, पाच. पाचवा रजेवर आहे. 'एकमेव प्राध्यापक रंगराव वैद्य' यातील 'एकमेव' हे विशेषण अनावश्यक. 'चालक, निवृत्त हेडमास्तर नानासाहेब' याऐवजी 'कुलगुरू नानासाहेब' हवे. आणि स्थापना '३ जुलै' रोजी झाली नाही. नोंदणीपत्र माझ्या पेटीत आहे. त्यावर इंग्रजी आकड्यांत स्वच्छ ८ जुलै आहे.
ही सारी चुकीची माहिती वार्ताहरास कोणी पुरवली? सोनबावर संशय आहे. सोनबा आमचा शिपाई, कंपाउंडर व पहारेकरी. देहूरोडच्या लष्करी इस्पितळात बारा वर्षे जखमा बांधून आला आहे, त्यामुळे स्वतःस शहाणा समजतो. वृत्तांत त्यानेच मला वाचून दाखवला. साप्ताहिकवाले हल्ली शाई वाचवतात. अक्षर उठत नाही.

२० ऑक्टोबर, शनिवार.
बाजाराचा दिवस. साऱ्या गावात कांदा. डोळ्यांपुढे दिवसभर धूर.
समितीपुढे द्यावयाच्या व्याख्यानाची तयारी. विषय: वैद्यकीय व आरोग्य शिक्षणाची वाढ. जुलैत विद्यार्थी चार होते, आज पाच आहेत. वाढ शेकडा पंचवीस. दरवर्षी याच प्रमाणात वाढल्यास १९७५ साली साडेतीनशेच्या घरात जातील. पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना निघाला आहे. औषध तेथे, शिक्षण येथे, अशी माझी योजना. पिंपरीकरांना ती अद्याप कळवलेली नाही. चोरतील.
निश्चय: व्याख्यान तोंडपाठ करणे. कागदावर विसंबू नये.

२८ ऑक्टोबर, मंगळवार.
कंदिलाच्या तेलात कोणीतरी पाणी मिसळते. उजेड पिवळा पडतो व ज्योतीभोवती कडे दिसते. बाटलीवर खूण करून ठेवली.

२४ ऑक्टोबर, बुधवार.
काल २८ तारीख होती, आज २४. भिंतीवरील कॅलेंडरची फाडलेली पाने कोणीतरी परत चिकटवली आहेत. सोनबास विचारले. त्याचे शब्द जसेच्या तसे, अशुद्धांसह: "कॅलिंडर ठीक हाय, नानासायब. डोळं दाखवा कुनाला तरी." विषय बदलण्याची ही त्याची जुनी युक्ती.
बाटलीवरील खूण दिसत नाही. पुसली असावी.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार.
सरकारी पत्र आले! मान्यतेसाठी तपासणी समिती १८ नोव्हेंबरला येणार. पत्र इंग्रजीत, टंकलिखित, कार्बनची फिकट प्रत. मुद्दाम फिकट. १८ तारखेस रविवार येतो. सरकार रविवारी काम करीत नाही. करते तेव्हा हेतू चांगला नसतो. मला बेसावध गाठण्याचा डाव आहे.
मान्यता मिळाली तर आपण विद्यापीठ. न मिळाली तर पाटी उतरवावी लागेल, आणि साप्ताहिकाचा 'हेडमास्तर' खरा ठरेल. हे होणे नाही.
अट: सोळा खाटा, सोळा रुग्ण, प्रत्येक निदान पंधरा दिवस दाखल. खाटा गावातून मिळतील. रुग्ण नाहीत. आमच्याकडे रुग्ण येत नाहीत हे वस्तुतः आमच्या आरोग्यप्रसाराचे यश आहे. पण समितीस एवढी सूक्ष्म दृष्टी नसते.
पत्र पेटीत, किल्ली जानव्यास.

२९ ऑक्टोबर, सोमवार.
मार्ग सापडला. सोळा निरोगी माणसे आणून खाटांवर निजवणे. खरा रुग्ण भरवशाचा नसतो: भलत्या वेळी विव्हळतो, समितीसमोर मरतो. निरोगी माणूस सांगितले तेवढेच विव्हळेल. सोनबा म्हणाला, "मग खरं आजारीच आनू की. गावात काय कमी हायती व्हय?" त्यास समजावले की विद्यापीठ म्हणजे दवाखाना नव्हे.
सायंकाळी त्याने काही माणसे आणली. मी स्वतः निवड केली. कोंडीराम: अंगाने सडपातळ, खोकण्यात प्रथम. असा हुबेहूब खोकला मी रंगभूमीवरही ऐकला नाही. गेनू: भक्कम, चालताना जांघेवर हात ठेवण्याची लकब. कुशाबाई: वर्ण इतका गोरा की दारात उभी असता भिंतीहून वेगळी दिसेना. घाटावर असा वर्ण दुर्मीळ. उत्तम प्रकृतीचे लक्षण.

६ नोव्हेंबर, मंगळवार.
दिवाळीमुळे खंड. आज रुग्णांची तालीम.
कोंडीरामास वाक्य दिले: "महोदय, माझ्या वक्षःस्थळी वेदना होत असून मी बावीस दिवस येथे उपचार घेत आहे." तो म्हणे, "छातीत दुखतंय म्हनलं तर न्हाई का चालायचं?" चालणार नाही. 'दुखतंय' हे वाक्य नव्हे. कर्त्याचा पत्ता नाही. वाक्य संपेपर्यंत त्यास तीनदा खोकला आला. सरावाचा अतिरेक करू नये असे बजावले.
गेनू म्हणाला, "बाकी काय बी असू द्या, पन पडून ऱ्हायला मिळतंय ना, नानासायब?" आळशी माणूस. त्यावर बाकीचे हसले. कुशाबाई हसता हसता खाली बसली व बराच वेळ उठली नाही. अभिनयाची हौस सगळ्यांनाच.
माझ्या चष्म्याच्या काचा कोणीतरी बदलल्या आहेत. चौकट तीच ठेवली आहे.

९ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ४.
घोर प्रसंग. समितीस लिहिण्यासाठी पत्र पेटीतून काढले. सोनबा मागून डोकावला व म्हणाला, "तेरा हाय नव्हं ते, नानासायब. तेरा तारीख. मंगळवार."
मी पुन्हा पाहिले. आठ. वर एक भोक, खाली एक भोक. इंग्रजी आठ मी पन्नास वर्षे शिकवला आहे. सोनबा म्हणाला, "आवो, आर्मीत बारा वरसं हेच आकडं वाचलं मी. बाटलीवरला आकडा चुकला तर मानूस जातंय."
आता सर्व उलगडले. त्यास फितवले आहे. तेराला सर्वांनी तयारीत बसून दमावे, म्हणजे समिती येईल तेव्हा अठराला कोणीच उरू नये, असा कट. मी त्यास खोटारडा म्हटले, रंगरावांसमक्ष. तो खल उचलून धुवायला घेऊन गेला.
निश्चय: सोनबास मान्यतेनंतर काढून टाकणे. आधी नको, खाटा त्याच्या ओळखीने आल्या आहेत.

१२ नोव्हेंबर, सोमवार.
सोनबा सकाळपासून बैलगाडी घेऊन गायब. कोठे? रंगराव म्हणतात, ठाऊक नाही. रंगरावांवरही संशय.
व्याख्यान पूर्ण पाठ. पंचेचाळीस मिनिटे.

१३ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी १०.
जीप आली आहे! समिती! पाच दिवस आधी! मला बेसावध गाठण्याचा डाव मी अचूक ओळखला होता. आत जाऊन पाहतो तो खाटा भरलेल्या. माझी पूर्वतयारी किती चोख आहे हे सिद्ध झाले.

त्याच दिवशी, सायंकाळी ५.
जे घडले ते क्रमाने.
मी अध्यक्षांना हार घातला. ते जीपचे ड्रायव्हर निघाले. अध्यक्षांनी ड्रायव्हरला पुढे बसवून स्वतः मागे बसण्याचे कारण काय, हे समजले नाही.
व्याख्यान सुरू केले. शेकडा पंचवीसपर्यंत आलो तोच समितीतील डॉ. दुर्गाबाई उठून खाटांकडे गेल्या. कोंडीरामाने वाक्य निर्दोष म्हटले. 'महोदय'चे 'महोदया' त्याने स्वतः केले. मला अभिमान वाटला. मग तो खोकला. दुर्गाबाईंनी त्याच्या हातातील फडके घेऊन उजेडात धरले. मला ते नुसते मळके दिसले. त्या म्हणाल्या, "हे रक्त आहे. बावीस दिवस हा माणूस इथे आहे, आणि तुम्ही काय दिलंत त्याला?"
मी म्हणालो, वाक्य.
त्या पुढे गेल्या. गेनूस अंतर्गळ: लिंबाएवढा. कुशाबाईच्या अंगात रक्त नाही. एकास नारू, दोघांस हिवताप. पंधरांपैकी अकरा जण खरोखर आजारी! सरळसरळ विश्वासघात. निरोगी म्हणून निवड झालेली माणसे आतून आजारी होती आणि एकानेही मला सांगितले नाही.
मी सर्वांसमोर सोनबास जाब विचारला. त्याचे शब्द: "निरोगी मानूस सुगीच्या दिसांत खाटंवर कशाला पडंल, नानासायब? आजारी हायत म्हनून तर आली. डाक्टर येनार म्हनलं मी त्यास्नी. तेवढ्यासाठी आली." आणि मग दुर्गाबाईंना: "बाई, आज पहाटं गाडीतनं आनली. बावीस दिवस काय न्हाई. आमच्या सायबांना दिसत न्हाई, म्हनून त्यांना ठावं न्हाई."
एका दमात दोनदा घात. बावीस दिवस खोटे ठरवले. आणि दिसत नाही म्हणाला.
दुर्गाबाई माझ्याकडे वळल्या. सोळावी खाट रिकामी होती. तिच्यासाठी निवडलेला चिमाजी आला नव्हता. तीवर मला बसवून डोळ्यांत बॅटरी मारली. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कधीपासून दिसत नाही?" मी सांगितले की तो कांदा आहे. गेनू शेजारच्या खाटेवरून म्हणाला, "सायब, तुमी तर आमच्याहून झ्याक करताय की!" सारे हसले. कोंडीरामही, मग त्यास पुन्हा खोकला आला, तेव्हा कोणी हसले नाही.
समिती चार वाजेपर्यंत राहिली. दोन सदस्य औषधे आणावयास जीपने पिंपरीकडे गेले. सोनबा दुर्गाबाईंच्या हाताखाली सुया उकळत होता. व्याख्यान राहिले.

२८ नोव्हेंबर, बुधवार.
निकाल. सोनबाकडून वाचून घेतला, इलाज नव्हता. मान्यता नाही. 'विद्यापीठ' हा शब्द पाटीवरून उतरवावा. जागेत सोळा खाटांचा दवाखाना चालू ठेवावा, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतील, ड्रेसर म्हणून सोनबाची नेमणूक. हे त्याने हळू आवाजात वाचले. आणखी काही गाळले असावे. विचारले, तर म्हणाला, "पाच पोरांना बी शिकू द्या, ड्रेसिंग मी दाखवतो. तुमी ल्हेयला शिकवा. आवशिदाच्या चिठ्ठ्या कुनी वाचायच्या?"
शुद्धलेखनाचा एक तास मान्य केला. तात्पुरता.

१० जानेवारी १९५७, गुरुवार.
उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ३ डिसेंबरला पुण्यास झाली. डोळ्यातील भिंग काढून घेतले. परत दिलेले नाही. त्याबदली बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचेचा चष्मा दिला. केसपेपरावर व्यवसाय: 'निवृत्त हेडमास्तर'. दुरुस्त करावयास सांगितले नाही.
आज प्रथमच पेटी उघडून सर्व कागद स्वतः वाचले. कंदिलाचे तेल शुद्ध आहे. बाटलीवरील खूण जागच्या जागी आहे. रोजनिशीतील अक्षर मात्र कोणाचे आहे, अशी शंका येण्याइतके वाकडे आहे. पुढील दुरुस्त्या नोंदवतो.

८ जुलै १९५६ (स्थापना): ३ जुलै वाचावे. ८ जुलैला रविवार होता. त्या दिवशी नोंदणी होत नाही. साप्ताहिक बरोबर. तारखेपुरते.
२८ ऑक्टोबर, मंगळवार: २३ ऑक्टोबर वाचावे. कॅलेंडरची पाने कोणी चिकटवली नव्हती. तथापि त्यावर लक्ष ठेवावे.
२९ ऑक्टोबर: कोंडीराम खोकण्यात प्रथम. तारीख बरोबर. 'हुबेहूब' हा शब्द काढावा. तो क्षयाच्या इस्पितळात आहे. वजन दोन शेर वाढल्याचे कळवतो. पत्रात अकरा चुका. दुरुस्त करून परत पाठवले नाही.
त्याच दिवशी: कुशाबाईचा वर्ण. गोरा नव्हे. आता सावळी दिसते.
१८ नोव्हेंबर, रविवार (समिती): १३ नोव्हेंबर, मंगळवार वाचावे. तीन. वर भोक नाही, खालीही नाही.
९ नोव्हेंबर, शुक्रवार: सोनबा खोटारडा असल्याची नोंद. तारीख तेवढी बरोबर.