कापलेले श्वास

३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस. गेमची कंपनी म्हणजे तीन खोल्या आणि चौथी माझी. भिंतींना फोम, दाराला रबराची पट्टी. आत स्वतःच्या पोटातली गुडगुडही ऐकू येते. गेममधली मुलगी दगडादगडांवरून उड्या मारत जाते. तिच्या हालचालींना मी वाद्यांचे आवाज द्यायचे. धावण्याला ड्रम, पडण्याला व्हायोलिन, उडीला बासरी. बासरी माझी ताईच वाजवणार. लहानपणी तिने मला त्या बासरीला हातसुद्धा लावू दिला नव्हता. आता मी सांगणार आणि ती ऐकणार, याचा आनंद पगारापेक्षा मोठा आहे. भाड्याच्या घरात आम्ही दोघंच.

५ मार्च
ताईने दोनशे बारा स्वर वाजवून दिले. मालक खूश. प्रोग्रामर म्हणाला की माझ्या आधीचा ध्वनिवाला स्वराआधीचा श्वास कधी कापत नसे, वाजवणाऱ्याचं वाजवणाऱ्याकडे राहू द्यावं म्हणायचा. मला हसू आलं. बटण दाबल्यावर आधी श्वास आणि मग स्वर, म्हणजे वरातीमागून घोडं. सगळे श्वास कापले आणि टाकाऊ फायलींत फेकले. स्वर आता लख्ख झालेत.

९ मार्च
ताई बोलता बोलता अडखळते. तिचं म्हणणं, श्वास घ्यायचा राहूनच जातो, मग एकदम आठवतं. तेवढा वेळ तरी मला बोलायला मिळतं, असं मी म्हटल्यावर तिने उशी फेकून मारली. डॉक्टरांच्या मते फुप्फुसं ठणठणीत आहेत. तरी मला काळजी वाटते.

११ मार्च
ताई आज ऑफिसात आली होती. माझ्यासमोर बसली आणि तिचा श्वास थांबला. मी घड्याळ बघत होतो, मिनिट होत आलं. तेवढ्यात टेस्टिंगवाली शेजारी आमचा गेम तपासायला बसली. पडद्यावरची मुलगी दगडावर टेकली, ताईची छाती वर झाली. पुन्हा टेकली, पुन्हा वर. टेस्टिंगवाली चहाला उठली आणि ताई भिंत धरून खाली बसली.
प्रोग्रामरला विचारलं. दगडावर टेकण्याला आवाज नव्हता, म्हणून त्याने टाकाऊतले ताईच्या श्वासांचे तुकडे उचलून तिथे लावलेत.

१२ मार्च
कापलेले श्वास परत स्वरांना जोडले. उपयोग नाही. गेम पुसायची हिंमत होत नाही. लॅपटॉप घरी आणलाय. मी खालचं लांब बटण दाबून उडी मारतो, ताई श्वास घेते. उड्या आपोआप पडतील असं लावून पाहिलं— तिचे ओठ निळे पडले. बोटानेच दाबायला हवं.
माझ्या नीटनेटकेपणाने केलं हे. मला फार भीती वाटते.

१३ मार्च
उजवा हात बटणावर, डाव्याने लिहितोय. ताई डोळ्यांनी सांगते, पुरे कर आता. मी तिचं कधी ऐकलंय—

१४ मार्च
डॉक्टरांना फोन केला. निघालेत. दार उघडंच ठेवलंय.
बोट बधिर झालंय. दगड लांब लांब येतायत आता—
डुलकी लागली. ती— दाबलं. घेतला. घेतला तिने.
डॉक्टर, आत आल्यावर नाडी बघू नका. आधी लॅपटॉपचं ते लांब बटण दाबा. मी आडवा पडलेलो असलो तर ओलांडून या, पण आधी—