थकबाकी आणि शारदेचे गुडघे

मी, नीळकंठ दामोदर बोकारे, वय अडुसष्ट, धंदा वीजदुरुस्ती, राहणार कोटरा, भोपाळ, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी व स्मरण शाबूत असल्याचे आमच्या डॉक्टर मंजूषा पाठराबे यांनी पाहिले आहे आणि त्या खाली सही करणार आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी शारदा समोर बसून मटार सोलते आहे व मधूनमधून बोलते आहे; त्याला दबाव म्हणू नये.

१. घर. कोटऱ्यातले दोन खोल्यांचे घर माझ्या वडिलांनी गृहनिर्माण मंडळाकडून हप्त्यांवर घेतले. ते नागपूरला सरकारी कारकून होते आणि मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा कचेरीबरोबर इथे आले. त्यांची नोकरी कायम होती, म्हणून हप्ते मिळाले. मला कोणत्याही बँकेने हप्ते दिले नसते. हे घर माझ्यामागे शारदेला, तिच्यामागे मुलगा मंदार याला. शारदा असेपर्यंत मंदारने गच्चीवर खोली काढण्याचा विषय काढू नये.

२. हत्यारे. ड्रिल मशीन, पक्कड, टेस्टर आणि घडीची शिडी सून स्नेहा हिला. मंदारला नाही. तो इंदूरला बल्ब बदलायलाही सोसायटीचा माणूस बोलावतो. फ्यूज स्नेहाच बांधते. शिडी सरकारी असल्याचे, मी जिथे वायरमन होतो त्या सरकारी विभागाचे म्हणणे होते. विभागाची शिडी मोडकी होती म्हणून ही मी माझ्या पैशाने घेतली. पुन्हा कोणी मागायला आले तर देऊ नये. चहाही विचारू नये.

३. मित्र अच्युत वझलवार याला काही देत नाही. तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असे वकील सांगतात. "सबब बरी सापडली तुला," असे तो म्हणाला. ते इथे नोंदवतो.

४. थकबाकी. अच्युत आणि मी सरकारी बंगल्यांची देखभाल करणाऱ्या विभागात रोजंदारीवर वायरमन होतो. चार इमली या बड्या अधिकाऱ्यांच्या वसाहतीतले बरेचसे बंगले माझ्याकडे असत. दर तीन महिन्यांनी आम्हाला आठवडाभर घरी बसवत आणि मग नवी ऑर्डर देत, म्हणजे सलग नोकरी झाली असे म्हणता येऊ नये. त्या आठवड्यातही बंगल्यावरचा शिपाई सायकलवरून दारात येई. "बोकारेजी, मेमसाहब बुला रही हैं, गीझर नहीं चल रहा." मी जाई. ज्या साहेबांच्या टेबलावर आम्हाला कायम करण्याची फाईल होती, त्यांचा पंखाही मी दुरुस्त केला. पंखा फिरला, फाईल नाही. साठी उलटल्यावर नवी ऑर्डर आली नाही, तीच माझी निवृत्ती.

आम्ही खटला केला. कायम वायरमनइतके वेतन आम्हाला मिळायला हवे होते, फरक द्यावा, असा निकाल लागला. विभागाने फरक दिला नाही, सहमतीपत्राचा कागद पाठवला: निम्मी रक्कम लगेच घ्या, उरलेली आणि व्याज सोडा, नाही तर आम्ही अपिलात जातो. आता आम्ही सातजण हयात आहोत. महाराणा प्रताप नगरात वकिलांच्या कचेरीत बसून सातांनी ठरवले की कोणी एकट्याने सही करायची नाही. एकेक जण फुटला की उरलेल्यांना विभाग विचारणार नाही.

म्हणून कच्च्या मसुद्यात मी लिहिले होते: थकबाकीचा हक्क शारदेला, मात्र तिने सहमतीपत्रावर सही करू नये. मागच्या रविवारी अच्युतने हे मोठ्याने वाचले.

शारदा म्हणाली, "सही न करायचं कोणी ठरवलं?"

"वहिनी, सातजणांनी मिळून," अच्युत म्हणाला.

"भावजी, त्या सातजणांनी मला चहाला तरी बोलावलं होतं का? मी सही करणार. हे गेल्यावर दुसऱ्याच दिवशी."

मी म्हणालो, "अगं, मी शब्द दिलाय."

"तुमचा शब्द तुमच्याबरोबर जाईल हो. माझे गुडघे इथेच राहणार आहेत."

अच्युतने कागद खाली ठेवला. शारदेच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन डॉक्टरांनी कधीच सांगितले आहे. थकबाकी आल्यावर करू, असे मी म्हणत आलो. ती बिट्टन मार्केटला भाजीला जायची. आता दारावरच्या गाडीवाल्याकडून जे मिळेल ते घेते. विभाग आम्हाला थांबवत होता आणि मी तिला.

५. ठेव. बँकेत एक मुदत ठेव होती. ती माझ्या अंत्यविधीसाठी आणि उरली तर मंदारसाठी होती. सोमवारी मी ती मोडली. मंदारला फोन केला.

"पण बाबा, वो तो इमर्जन्सीसाठी ठेवली होती ना?"

स्नेहाने फोन घेतला. "आईंना पलंगावरून उठता येत नाही, ही इमर्जन्सी नाही तर काय आहे? बाबा, तुम्ही तारीख घ्या. मी रजा टाकते."

डिसेंबरातली तारीख मिळाली आहे. तेव्हा ठेव वाटण्याचा प्रश्न उरला नाही. माझा अंत्यविधी साधा करावा. तेरावे घालू नये. ज्यांना जेवायचे असेल त्यांनी मी असताना यावे, आधी कळवून.

६. कलम चारमधली अट मी काढून टाकली आहे. थकबाकीचा पूर्ण हक्क शारदेला. खटल्यात वारस म्हणून तिचेच नाव लावावे. सही करायची की नाही, किती रकमेवर करायची, हे ती ठरवील. मंदार, अच्युत व वकील यांनी तिला सल्ला द्यावा, आग्रह करू नये.

हे कलम तिला आत्ता वाचून दाखवले आणि विचारले, "मग, करणार सही?"

तिने मटारचे दाणे पातेल्यात ओतले. "आता मला कसली घाई आहे? बघू दे विभागालाच वाट."

वरील सर्व मजकूर मी वाचला, पत्नीने ऐकला, आणि साक्षीदारांसमोर मी सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर केली.

नीळकंठ दामोदर बोकारे (सही)

साक्षीदार:
१. अच्युत रामकृष्ण वझलवार (सही)
२. डॉ. मंजूषा पाठराबे (सही)

भोपाळ, रविवार, २३ नोव्हेंबर २०२५