धाग्याचा कल

२ फेब्रुवारी

आले एकदाची! अकरा वर्षांनी लेकाला आठवलं की आपल्याला एक आई आहे आणि ती अजून आपल्या पायांनी चालते. गाडी घेऊन स्वतः आला, ट्रंक स्वतः उचलली, माझ्या घरचा जिना उतरताना हात धरला. मी म्हटलं, बाबा, इतका लाड नको, मला वाटेल मी मरायला टेकलेय. तो हसला नाही. लहानपणी माझ्या विनोदावर हा लोळायचा. धंद्यात पडला की माणूस गंभीर होतो म्हणायचं आणि सोडून द्यायचं. शिलाईचं मशीन मात्र मागेच राहिलं. नंतर आणू म्हणाला.

हे मी लिहीत नाही बरं का. अक्षराशी माझी ओळख नाही. आकडे तेवढे येतात, तेही मापाच्या टेपनं शिकवले. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, कोणाची कंबर किती वाढली ते मला विचारा. नातीनं हा फोन दिला. बटण दाबून बोलायचं, अक्षरं उमटतात, तारीख तोच घालतो. मी बोलते तेच लिहितो की माझी चहाडी करतो, कोण जाणे!

नात नऊ वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणतात, पण गिरकी घेतली की खोकत खाली बसते. छातीत घरघर. तेवढं एक सोडलं तर पोर गोड आहे, माझ्यावर गेलीय.

मला तळमजल्यावरची मागची खोली मिळाली. पांढराशुभ्र रंग, अजून वास येतोय. वरच्या कोपऱ्यात गोल भोक पाडून पंखा बसवलाय. तुला मोकळी हवा मिळावी म्हणून खास, असं लेक म्हणाला. सूनबाई म्हणाली, घरातली सगळ्यात चांगली खोली तुम्हाला ठेवली. एका कागदावर माझा अंगठा घेतला. फोनच्या कार्डाला लागतो म्हणे. शाई अजून निघत नाही.

५ फेब्रुवारी

लेकाचा धंदा आज नीट समजून घेतला. लोकांच्या घरातली बुरशी काढायची आणि ओल आटवायची. हे घर त्यानं मुद्दाम ओलं घेतलं, मीच सुकवीन म्हणून. तीन वर्षं झाली, सुकतंय कुठे! दिवाणखान्यात एक यंत्र घुरघुरत असतं, हवेतली ओल पितं आणि दिवसाला बादलीभर पाणी देतं. मी म्हटलं, बरी म्हैस पाळलीयस.

जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत काम चालू आहे. दाराला प्लास्टिकचा पडदा, चारी बाजूंनी चिकटपट्टी, मधोमध चेन. लेकानं फार छान समजावलं. बुरशी खरवडली की तिची पूड उडते, घरभर पसरते, म्हणून आधी तिला कोंडायचं. घाण खोलीला पंखा लावून हवा बाहेर ओढायची. मग हवा कायम चांगल्या खोलीतून घाण खोलीत जाते, उलटी कधी येत नाही. खात्री करायला दाराच्या फटीत धागा धरायचा. माझ्याच डब्यातला लाल धागा घेऊन दाखवला. धागा पडद्याच्या आत ओढला गेला, जणू कोणी पलीकडून दोरा ओवतंय. म्हणाला, आई, धागा जिकडे कलतो तिकडे घाण, एवढं लक्षात ठेव. ठेवलं.

त्याचा एक जुना जोडीदार रोज येतो. त्याच्याकडे ओल मोजायचं यंत्र असतं, दोन सुया भिंतीत खुपसल्या की आकडा येतो. तोंडावर नळकांडी लावलेला मास्क. मी त्याला सोंडवाला म्हणते. अडगळीत जातो तेव्हा मास्क, ते ठीक. पण माझ्या खोलीत चहाचा कप न्यायला आला तेव्हाही मास्क. स्वयंपाकघरात मात्र काढून ठेवतो आणि भुरके मारतो. मी विचारलं, माझ्या अंगाला एवढा वास येतो का रे? बिचारा कप न घेताच गेला.

१० फेब्रुवारी

भिंगरीचा खोकला निम्म्यावर आला. मी म्हटलं, आजीचा पायगुण! सूनबाईनं एकदम माझ्याकडे पाहिलं आणि डाळ करपली.

पोरीनं फोनचं आणखी एक बटण शिकवलं. छापलेल्या कागदावर फोन धरला की तो मोठ्यानं वाचून दाखवतो. औषधाची बाटली, साबणाचं वेष्टन, सगळं वाचून घेतलं. सत्तर वर्षं मी साबण लावतेय, त्याच्यावर एवढं पुराण लिहिलंय हे आज कळलं.

सोंडवाला आकडे ओरडून सांगतो, लेक लिहून घेतो. दिवाणखाना चोवीसवरून अठरा. जिना सतरा. लेक खूश. माझी खोली मोजली नाही. मी आठवण केली तर म्हणाला, तुझी खोली मस्त आहे.

पलंगामागे शर्टाच्या बटणाएवढा काळा ठिपका दिसला. फडक्यानं पुसला.

१४ फेब्रुवारी

ठिपका तळहाताएवढा झाला. पुसते, उन्हं उतरेपर्यंत परत. बोट लावलं तर मखमलीसारखं लागतं, आणि कोमट. भिंत कोमट कशी असेल?

लेकाला ओढत आणून दाखवलं. म्हणाला, आई, सावली आहे ती. लोकांच्या घरात कपाटामागचं हेरतो आणि आईच्या उशामागचं याला दिसत नाही. मी हसून घेतलं. तो दाराच्या आत आला नाही, हे मागाहून ध्यानात आलं. उंबऱ्यावरूनच वाकून बघत होता.

आता मी खोकते. भिंगरी दोरीवरच्या उड्या मारते.

१८ फेब्रुवारी

भिंतीवरच्या डागाला आकार आलाय. मी उजव्या कुशीवर झोपते, गुडघे पोटाशी, एक हात गालाखाली. तोही तसाच. मी मापं घेणारी बाई. टेप काढली. खांदा ते गुडघा माझं जेवढं, तेवढंच त्याचं. एका सुताचाही फरक नाही.

दार लावलं, फटीशी लाल धागा धरला. खात्रीसाठी दोनदा धरला. धागा आत आला. माझ्याकडे.

म्हणजे घराची हवा माझ्या खोलीत येते. पंखा मला हवा देत नाही, घराची ओढून माझ्यावर सोडतो. लेकानं धागा कसा वाचायचा ते मला शिकवलं, आणि आपली आई तो तिच्याच दारात धरून बघेल हे त्याच्या डोक्यात आलं नाही. अडाणी आईची आणखी काय किंमत करणार!

पण चूकही असेल. पंखा उलटा बसला असेल. उद्या सांगते त्याला.

१९ फेब्रुवारी

सांगितलं. बघतो म्हणाला. बघितलं नाही.

दुपारी रंगाचा पापुद्रा सुटला, खुर्चीमागच्या भिंतीवर. खाली जुना डाग. तोही माणसाचा, पण माझा नाही. बसलेली बाई, रुंद खांदे, मान पुढे. ती मान मी ओळखते. लग्नात विहीणबाईंचं पोलकं मीच शिवलं होतं, मान पुढे म्हणून मागचा गळा दोनदा उसवला. सूनबाईची आई.

दीड वर्षापूर्वी त्या गेल्या, छातीच्या आजारानं. धाकट्या मुलीच्या घरी वारल्या असं मला कळवलं होतं.

२१ फेब्रुवारी

माझ्या दाराला बाहेरून कागद लावलाय. रोज बघते, नेमानं त्याच्यावर आकडे चढतात. आज सगळे बाहेर गेल्यावर फोन धरला. त्या गोड आवाजात फोन वाचू लागला—

खोली क्रमांक चार. ओढ-खोली. मुद्दाम उपचार केलेले नाहीत. घराची ओल आणि बुरशी या खोलीत ओढून राहणाऱ्या व्यक्तीवर बसवणे. पहिली व्यक्ती, स्त्री, वय एकाहत्तर, सात महिने टिकली. दुसरी व्यक्ती, स्त्री, वय शहात्तर, दोन फेब्रुवारीपासून. व्यक्तीची संमती आहे. खाली अंगठा.

अंगठा माझा. शेजारी डाळीचा डाग, तो सूनबाईचा.

तीनदा वाचून घेतलं. तिन्ही वेळा तेच.

२२ फेब्रुवारी

सकाळी स्वयंपाकघरात दोघं बोलत होती. मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. लेक म्हणत होता, थोडे दिवस थांबवू, ती फार खोकतेय. सूनबाई भांडी आपटत म्हणाली, मी माझी दिली ना? मग आता तुमची.

मी भिंतीला टेकून वाट बघत राहिले, आता लेक काही बोलेल. मग यंत्रातलं पाणी ओतल्याचा आवाज आला. कामाला लागला होता.

फोन लावून बघितला, लागला नाही, आत कार्डच नाही. ट्रंकेत कपडे भरले. पुढच्या दाराला कुलूप. सोंडवाला बाहेर पायरीवर बसलेला. मी काचेवर टकटक केलं. त्यानं मास्क वर ओढला आणि पाठ फिरवली.

२३ फेब्रुवारी

दाराची फट चिंध्यांनी बुजवली. घट्ट. शिवणकाम करणारीच्या हातची, हवा काय मुंगी शिरणार नाही. पहिल्यांदा नीट श्वास आला.

दुपारी भिंगरी खोकू लागली. आधी एकदा. मग थांबेचना. घरघर माझ्या खोलीपर्यंत. लेक धावला, सूनबाई रडत होती, पोर म्हणत होती, आजीला बोलवा—

पोरीनं काय केलंय कोणाचं.

चिंध्या मीच काढल्या. एकेक.

घटकाभरात खोकला थांबला. कोणी येऊन बघितलं नाही की कोणी काढल्या.

२४ फेब्रुवारी

वीज गेली. पंखा बंद. म्हटलं चला, तेवढीच सुटका. धागा धरला.

तरी कललेला. दारातून खोलीकडे नाही. गजांच्या खिडकीशी धरला, कपाटाशी धरला, कुठेही धरला तरी— माझ्याकडे. मी सरकले की तोही फिरतो.

घाण खोलीत नाही आता.

२५ फेब्रुवारी

सोंडवाला आला. दिवाणखाना अकरा. जिना दहा. भिंगरीची खोली नऊ. मग माझ्याकडे. मी भिंत दाखवली. त्यानं माझा हात उलटा केला, सुया तळहाताला लावल्या. दुखलं नाही. दुखायला हवं होतं.

आकडा बोलला नाही. मी बघितला, मला आकडे येतात. टेपवर एवढा आकडा नाहीच.

हाताच्या रेघांत काळं. मखमल. धुतलं. धुतलं—

त्याला म्हटलं, मशीन कधी आणतोय माझा लेक? त्याचे डोळे भरले. आणणार नव्हताच. पहिल्या दिवसापासून.

२६ फेब्रुवारी

दाराबाहेर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज. चर्र. चर्र. एक बाजू झाली. प्लास्टिकच्या आड लेक दिसतो, धूसर. मास्क लावलाय. आईसमोर.

हाक मारली. म्हटलं, बाळा, चेन तेवढी उघडी राहू दे. थांबला. पुन्हा चर्र.

अरे, एकदा विचारायचंस. पोरीसाठी म्हणून. मीच आले असते, ट्रंक घेऊन, हसत आले असते. खोटं बोलून अंगठा कशाला— लाड कशाला केलास जिन्यावर— हात कशाला धरलास—

भिंतीवरची मी उठून बसलीय. विहीणबाईंनी मान वळवलीय.

धागा तोंडासमोर धरलाय. श्वास सोडला की बाहेर हलायला हवा. सोडतेय. हलत नाही. आतच. ओठांना लागला. आत— जिभेवर— सोडतेय मी, सोडतेय, पण तो आतच—

चेन लागली.

भिंगरे, हे वाचशील तेव्हा तुझ्या बापाला एवढंच विचार की माझ्यानंतर या खोलीत