होडीच्या पानावर गाढव

४ नोव्हेंबर, सोमवार

गुरुवारी तपासणी! घाईत लिहितेय, म्हणून अक्षर आणखीच वाकडं. येऊ दे वाकडं, हे पान कोण बघणार आहे!

नुहैला विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातली विद्यार्थिनी. पावाच्या भट्टीवरच्या खोलीत आम्हा गल्लीतल्या बायकांना लिहा-वाचायला शिकवते. खाली पाव भाजतात, वर आम्ही! मी लहानपणी दोन वर्षं शाळेत गेलेली, म्हणून इथली पंडित मीच. बाकीच्यांना अक्षरं ओळखता येतात, जुळवताना मात्र घाम फुटतो. पण काय मजा येते! सून टोमणा मारते, ‘भट्टीचा जिना बरा चढवतो, गच्चीचाच चढवत नाही!’

आज पोरीचा चेहरा उतरलेला. मला मानानं ‘लल्ला’ म्हणते ती. ‘लल्ला तामू, विद्यापीठात मला शिकवणाऱ्या उस्तादा वर्ग बघायला येणारेत. कुणालाच वाचता आलं नाही तर वर्ग बंद. अन् मी नापास.’

५ नोव्हेंबर, मंगळवार

वर्गातल्या बतूलच्या घरी आम्हा सगळ्यांची गुपचूप बैठक. नुहैलाला पत्ता नाही. बतूल म्हणाली, ‘रडता काय? मशिदीत शिकवणाऱ्या फकीहची छडी खाऊन पाठ केलेल्या कुराणातल्या सुरा अजून तोंडावर आहेत. हे तर एक पान! तामू, तू वाच, आम्ही घोकतो.’

पुस्तकातलं पान बाजाराचं निवडलं, वर्गात सध्या तेच चाललंय. इद्रिस गाढवावरून बाजारात जातो, तेच. मी वाचत गेले, त्या डुलत-डुलत म्हणत गेल्या. चहाच्या दोन किटल्या संपल्या. बतूलचा पुदिना नेहमीसारखाच जून, पण आज कोण बोलणार!

६ नोव्हेंबर, बुधवार

तोंडपाठ! वर्गातली रकिया झोपेतसुद्धा इद्रिस-इद्रिस करते म्हणे. नवरा विचारतो, ‘हा कोण?’

७ नोव्हेंबर, गुरुवार

घात झाला.

उस्तादा वफा आल्या. काटकुळ्या, चहाला हात लावला नाही. पुस्तक उघडून बतूलपुढं धरलं. ‘हे वाचता?’

बतूल उठली. बोट ओळीवरून कसं सरकतंय, अगदी वाचल्यासारखं! खणखणीत आवाजात इद्रिस गाढवावर बसला. लगेच सगळ्या तिच्या सुरात. मी डोकावले तर — पान भलतंच! समुद्राचं! खुणा करून-करून माझी मान दुखली, पण बतूल थांबते कसली?

उस्तादा शांतपणे म्हणाल्या, ‘आजी, चित्रात काय आहे?’

‘होडी.’

‘मग गाढव कुठून आलं?’

खाली भट्टीत लाकडी फावडं खडखडलं. नुहैला भिंतीसारखी पांढरी.

मी उठले. ‘मॅडम, पोरीला काही ठाऊक नाही. तिला नापास करू नका. आम्हीच पाठ केलं.’

‘का?’

‘वाचायला वेळ लागतो हो आम्हाला! तुम्ही तेवढं थांबला असता का?’

उस्तादा पुढं आल्या. खुर्ची ओढून बतूलशेजारी बसल्या, होडीखालच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘थांबते.’

बतूलनं एकेक अक्षर चिमट्यानं उचलल्यासारखं उचललं. एकदा चुकली, परत मागं गेली. ‘समुद्र... आज... शांत... आहे.’ घामानं निथळत होती बिचारी. उस्तादांनी पुस्तक मिटलं, शाल सावरली अन् जिना उतरून गेल्या. बरं नाही, वाईट नाही, काहीच नाही!

८ नोव्हेंबर, शुक्रवार

शुक्रवारचं रव्याचं कुसकुस ताटात तसंच ठेवून उठले. बतूल दार उघडत नाही. नुहैलाचा फोन बंद.

१० नोव्हेंबर, रविवार

फोन लागला. ‘उस्तादा चकार शब्द बोलत नाहीत, लल्ला. उद्या येते. बहुतेक निरोप घ्यायलाच.’ पोरीचा आवाज ऐकून मला बोलवेना. मला! सून घाबरून पाणी घेऊन आली.

११ नोव्हेंबर, सोमवार

नुहैला आली. मागून उस्तादा वफा, एका म्हाताऱ्या बाईचा हात धरून जिना चढवत. म्हणाल्या, ‘ही माझी आई. हिला मागं बसवू नका, ऐकू कमी येतं.’