फुंकर

ता. ९ जानेवारी

ती. दादास, चिमीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, पण उत्तर लिहायला हात उचलेना. यांचा घसा बसलाय असं लिहिलं होतं ना, तो बसलेला नाही, त्यात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

यांनी एवढंच विचारलं, की मग मी काय हातवारे करून गाड्या पुकारू? सगळं आयुष्य बसस्थानकाच्या त्या काचेच्या खोलीत माईकपुढे गेलं. ऑपरेशनला साफ नकार दिलाय. ज्यांच्या हसण्याने शेजारचं तान्हं दचकून उठायचं, त्यांच्या घरात आता नळ ठिबकलेला ऐकू येतो. माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तू वडीलधारा, तूच काहीतरी लिही.

वहिनीला नमस्कार. रडत नाहीये, काळजी नको.

तुझीच,
चिमी

ता. १६ जानेवारी

चि. चिमीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून घास उतरला नाही. तुझ्या वहिनीने न विचारताच ताट उचललं. रंगाच्या कारखान्यात माणसं कमी आहेत, मालक महिनाअखेरीपर्यंत सोडत नाही. सुटलो की निघालोच. तोवर पुढचं जावईबापूंना मोठ्याने वाचून दाखव.

जावईबापू, खरं सांगा, लग्न झाल्यापासून चिमीने तुम्हाला घरात कधी बोलू दिलंय? लहानपणी टॉन्सिल काढल्यावर डॉक्टरांनी तिला बोलू नको म्हणून बजावलं, तर ही भिंतीवर कोळशाने लिहून भांडायची. अशा बाईच्या घरात तुमचा आवाज म्हणजे नुसती अडगळ. देऊन टाका. तुम्ही मात्र राहा. आम्हाला तुम्ही हवे आहात.

दोघांवर सारखाच जीव असलेला,
दादा

ता. २५ जानेवारी

ती. दादास सा. न.

कोळशापाशी मीच अडखळले. हे एकदम हसले. हसता हसता उबळ आली आणि रुमालावर रक्त आलं. पाठ चोळता चोळता मी मनातल्या मनात तुझा उद्धार केला. दम खाऊन म्हणाले, पुढचं वाच. ‘तुम्ही मात्र राहा’ एवढं पुन्हा वाचायला लावलं. सकाळी स्वतःच दवाखान्यात जाऊन तारीख घेऊन आले.

काल यांची स्थानकावरची शेवटची पाळी होती. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते. शेवटची गाडी पुकारून झाल्यावर, नियमात नसताना, म्हणाले की सगळ्यांनी नीट घरी पोचा. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

तू येशील ना?

चिमी

ता. ३ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

तू होतास म्हणून ऑपरेशनचे दिवस निघाले. आता खरं कठीण आहे. गळ्याला पडलेल्या भोकातूनच श्वास, वर पातळ फडकं. वास कळत नाही. बोलत नाहीत म्हणजे बहिरेच, असं समजून दुकानदार कानाशी ओरडतो. पुन्हा गाठ होणार नाही, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. हे दिवसभर खिडकीपाशी बसतात, पाटीवर लिहायलाही कंटाळतात.

परवा चहा फार गरम झाला होता. सवयीने यांनी बशीवर फुंकर मारली. तोंडातून वारा आलाच नाही, गळ्यावरचं फडकं मात्र पडद्यासारखं फडफडलं. पुन्हा मारली, पुन्हा तेच. मला वाटलं, आता बशी फेकतात. तर यांनी बशी उचलून गळ्यासमोर धरली आणि मोठ्या ऐटीत चहा निववू लागले. मी हसले, मग रडले, दोन्ही एकदमच. भानावर येऊन पाहिलं, तर यांचे खांदे गदगदा हलत होते. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, आणि आवाज कणभरही नाही. पाठमोरी असते तर मला कळलंही नसतं.

तेव्हापासून मी भाजी चिरायला ओट्याकडे तोंड करून उभी राहत नाही. यांच्यासमोर बसते. दिवसचे दिवस काहीच होत नाही. तरी बसते.

वहिनीला सांग, मी जेवते आहे वेळेवर. माया आहेच, ती अशीच असू दे.

चिमी